आयुष्यात एकदाच

बारावीला बसलेला मुलगा एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, अर्ज भरतो तेव्हा त्याला सैन्यदलांचा पसंतिक्रम विचारला जातो. बहुतेक अर्ज सायबर कॅफेत भरले जातात, घाईत आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत. मुलाला विमान चालवायचे असते, म्हणून हवाई दलासमोर एकचा आकडा पडतो. सोबत आलेले वडील, काका किंवा क्लासचे सर एवढेच म्हणतात, ‘पहिला अटेम्प्ट अनुभव म्हणून दे, पुढचे पुढे बघू.’

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि बहुतेक परीक्षांना तो लागूही पडतो. सीईटी पुन्हा देता येते. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. वयात बसेल तितक्या वेळा द्यावी. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, पाच दिवसांच्या मुलाखतीतून दोनदा परत आलेली मुले तिसऱ्या खेपेला निवडली गेल्याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. पण उड्डाण शाखेच्या वाटेवर एक चाचणी अशी आहे, जिथे हाच सल्ला मुलाला महागात पडतो. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

तिचे नाव सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडण्याची संगणकीय चाचणी. जुन्या पिढीतले लोक तिला अजून पॅबटच म्हणतात. मुलाखत मंडळाने शिफारस केली की उड्डाण शाखेच्या उमेदवाराला तिला सामोरे जावे लागते. आधी विमानातल्या तबकड्या कशा वाचायच्या ते समजावून देतात आणि लगेच त्यावर प्रश्न विचारतात. उंची किती, दिशा कोणती, विमान कोणत्या बाजूला कलले आहे. मग यंत्रासमोर बसवतात. हातात दांडा, पायाखाली पेडल आणि पडद्यावर सतत निसटणारा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा आणि त्याच वेळी मध्येच लागणाऱ्या दिव्यांकडे व आवाजांकडेही लक्ष द्यायचे. पाठांतराचा इथे काही उपयोग नाही. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी काम करतात की नाही, एवढेच इथे पाहिले जाते.

यात जो नापास झाला, त्याला हवाई दलाचे विमान कधीच चालवता येत नाही. पदवी मिळवून हवाई दलाची एएफकॅट परीक्षा दिली तरी नाही, पदवीधरांच्या सीडीएस परीक्षेतून आला तरी नाही, एनसीसीच्या विशेष प्रवेशातूनही नाही. भूदल, नौदल, हवाई दलाची ग्राउंड ड्यूटी शाखा हे रस्ते उघडे राहतात आणि ते मानाचेच आहेत. पण ज्या एका गोष्टीसाठी मुलाने अकरावीत गणित धरून ठेवले, ती सतराव्या-अठराव्या वर्षीच हातची जाते.

नियम कठोर आहे, पण अन्यायाचा नाही. वैमानिकाच्या प्रशिक्षणावर प्रचंड खर्च होतो आणि चुकीची निवड झाली तर त्यात जीव जातो. सरावाने घोटून आणलेले कौशल्य हवाई दलाला नको आहे. अंगात असलेली जाण हवी आहे. ती पहिल्याच भेटीत दिसावी, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. दोष आहे तो ही गोष्ट मुलाला वेळेवर न सांगण्यात.

एनडीएच्या क्लासचा कोणताही फलक पाहा. सुखोईचे चित्र असते, गेल्या वर्षी निवड झालेल्यांचे फोटो असतात, फोन नंबर असतो. ‘उड्डाण चाचणीची संधी एकदाच’ ही ओळ नसते. यूपीएससीच्या जाहिरातीत हा नियम असतो, पण ती कित्येक पानी इंग्रजी जाहिरात घरात पूर्ण कोण वाचतो? फी घेऊन वर्षभर शिकवणाऱ्याचे तरी ते कामच आहे. पहिल्याच तासाला त्याने हे सांगायला हवे. पालकांना शंका पैसे भरण्याआधी येते की नंतर, यावर हे सांगणे अवलंबून राहता कामा नये.

याचा अर्थ एनडीए सोडून द्या, पदवीपर्यंत थांबा, असा कोणी काढू नये. एएफकॅटमधून उड्डाण शाखेत मिळते ते चौदा वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस कमिशन. एनडीएतून मिळते ते कायमचे. खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षे तर दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. ज्याची तयारी आहे, त्याने सतराव्या वर्षी जरूर जावे. पण काय पणाला लावतो आहोत, हे माहीत असलेला मुलगा वेगळ्या तऱ्हेने जातो. शिफारस झाली म्हणून तो आनंदात रात्र जागून काढत नाही, वेळेवर झोपतो. सूचना देणाऱ्याचे वाक्य न् वाक्य ऐकतो. आयुष्यात कधी जॉयस्टिक हातात धरलेली नसेल, तर निघण्यापूर्वी एकदा तरी धरून पाहतो. आणि ज्याला उडण्याची तितकी ओढच नाही, नुसत्या हौसेने एकचा आकडा लिहिला आहे, तो निदान थांबून विचार करतो.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी नेमकेपणाने सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएचे दार त्यांना उघडले आणि 2025 च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यातून बाहेर पडली. पण अलीकडच्या जाहिरातींत उड्डाण शाखेच्या 92 जागांपैकी मुलींसाठी असतात त्या दोन. या दोन जागांसाठी धडपडणाऱ्या नाशिकच्या किंवा लातूरच्या मुलीने आयुष्यातली एकमेव संधी ‘अनुभव म्हणून’ घालवावी, हे कोणालाही पटणार नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत आणि नाशिकच्या मुलींच्या संस्थेत दरवर्षी मुले-मुली याच तयारीसाठी येतात. हवाई दलाने आपला एक अधिकारी तिथे आणि राज्यातल्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयांत वर्षातून एकदा पाठवावा आणि ही एक गोष्ट मराठीतून समजावून द्यावी. आणि पालकांनी, पसंतिक्रमाच्या चौकटीत एकचा आकडा पडण्यापूर्वी, मुलाला तो नियम स्वतः वाचायला लावावा.