ज्या लढती होऊच दिल्या नाहीत

जॉन सलिव्हन आणि जो लुईस एकाच काळात असते, तर कोण जिंकलं असतं? बॉक्सिंगचे चाहते असे सामने मनात लावतात, मीही लावतो. पण मला जास्त छळतात त्या लढती, ज्यांच्या आड काळ नव्हता, रंग होता.

पीटर जॅक्सन सलिव्हनच्याच काळातला. कृष्णवर्णीयाशी लढणार नाही, असं सलिव्हनने जाहीर केलं. १८९१ मध्ये जॅक्सन जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. निकाल लागला नाही. पुढच्या वर्षी सलिव्हनला हरवून कॉर्बेट जगज्जेता झाला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही.

१९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सनने हा किताब जिंकला. १९१५ मध्ये तो हरला आणि दार पुन्हा बंद झालं, ते थेट १९३७ मध्ये लुईससाठी उघडलं. मधल्या काळात हॅरी विल्स जॅक डेम्प्सीशी लढायची वाटच पाहत राहिला.

म्हणून 'सर्वश्रेष्ठ' खेळाडूंची यादी दिसली की मी आधी विचारतो, रिंगणाबाहेर कुणाला ठेवलं होतं? आपल्याकडे 'गुणवत्ते'चे दाखले देणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे.