हरण्याची भीति

भायखळ्याच्या एका मैदानाच्या कडेला परवां आम्ही घटकाभर उभे होतों. शाळकरी मुलांचा क्रिकेटचा सामना रंगांत आला होता. फलंदाजीची पाळी जवळ येतांच एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा ‘पोट दुखतें’ असें सांगून झाडाखालीं जाऊन बसला. आम्हीं शेजारीं जाऊन चौकशी केली. बऱ्याच वेळानें तो हळूच म्हणाला, “मागच्या सामन्यांत शून्यावर बाद झालों. घरीं सगळे आठवडाभर हंसत होते.” दुखणें पोटाचें नव्हतें, हें निराळें सांगावयास नको.

अशा मुलाला ‘भिऊं नकोस’ एवढें म्हणून भागत नाहीं. आपण नेमकें कोठें कमी पडलों हें कळलें आणि तें सुधारण्याचा उद्योग हातीं आला, म्हणजेच भीति मागें हटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां फ्लायवेट गटांत त्यांचा सहावा क्रमांक लागला. तांबड्या मातीच्या हौद्यांत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती अपरिचित होती. आपल्याकडे पाठ टेकली कीं निकाल. तेथें कोणी चीत झाला नाहीं तरी पंच निकाल देत. ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणून खाशाबांना मातींतल्या लौकिकावर समाधान मानतां आलें असतें. त्याऐवजीं ते पुन्हां तयारीला लागले. १९५२ च्या हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें. हेलसिंकीलाहि खाशाबा जपानच्या शोहाची इशीपुढें हरले, व सुवर्णपदक इशीलाच मिळालें. तरीहि बँटमवेट गटाचें कांस्यपदक घेऊन ते परतले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय.

झाडाखालच्या मुलाला आम्हीं एवढेंच विचारलें, “तो चेंडू कसा आला होता रे?” तो उठला, एक काडी उचलून चेंडू आंत कसा वळला तें दाखवूं लागला, आणि मध्येंच थांबून म्हणाला, “माझा पाय मागेंच राहिला!” शेवटचा गडी म्हणून तो खेळावयास गेला. तीन चेंडू त्यानें नीट अडविले. चवथ्याला त्रिफळा उडाला. परत येतांना मात्र तो झाडाकडे न वळतां सरळ सोबत्यांच्या घोळक्यांत जाऊन बसला.

आमच्या वाचक मातापित्यांस म्हणूनच एक विनंति आहे. मूल हरून घरीं आलें, कीं ‘किती झाले?’ हा प्रश्न जरा राहूं द्यावा, आणि थट्टा तर मुळींच करूं नये. ‘काय झालें, दाखव पाहूं’ असें म्हणावें. पहिल्या प्रश्नाला मूल मान खालीं घालतें. दुसऱ्याला उत्तर देण्यासाठीं तें उठून उभें राहतें.