शाळा सुटल्यावर

आमची शाळा साडेपाचला सुटते. हिवाळ्यात त्यानंतर अर्ध्या तासात मगरिबची अजान होते, उन्हाळ्यात दीड तासाने. या मधल्या वेळात आपली मुले कुठे असतात, असे आम्ही दर पालकसभेत विचारतो. "असतील मित्रांबरोबर," हे ठरलेले उत्तर. मोबाइल आल्यापासून आणखी एक उत्तर ऐकू येते, "घरातच असतो, पण नसल्यासारखा."

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल नावाचे एक गाव आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक काळ्या लोकांची, आणि गरिबी भरपूर. या गावाने शाळा सुटल्यानंतरच्या त्याच वेळात मुलांना ब्लूज नावाचे गाणे-वाजवणे शिकवायला घेतले. 'आपल्या मासिकात गाण्याचे काय काम?' म्हणून पान उलटू नका, थोडे थांबा.

इंग्रजीत मन उदास असले की 'ब्लू' म्हणतात, त्यावरून ब्लूज. हे कापसाच्या शेतातले गाणे. गुलामी कागदोपत्री १८६५ साली संपली, तरी मजूर त्याच मालकाच्या शेतात, त्याच कर्जात राहिले. राबताना एकजण लांबलचक हाक मारी, दुसरा दुरून तिला जवाब देई. या हाका, चर्चमधली भजने आणि हाती लागेल ते वाद्य, यांतून विसाव्या शतकाच्या तोंडावर ब्लूज उभे राहिले.

त्या हाकांबद्दल आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांत सेनेगल, माली या भागांतले मुसलमानही होते. त्यांच्यातले उमर इब्न सईद यांनी १८३१ साली गुलामीत असतानाच अरबीत आपली कहाणी लिहिली, आणि तिची सुरुवात सूरह मुल्कने केली. ते कापसाच्या या मुलुखातले नव्हेत, नॉर्थ कॅरोलिनात होते. पण असे हाफिज, आलिम, साधे नमाजी लोक त्या जहाजांतून गेले, हे त्यांच्या हस्तलिखितावरून पक्के कळते. सिल्वियान दियूफ या इतिहासकार बाईंनी एका व्याख्यानात आधी अजान आणि मग मजुराची अशी जुनी हाक ऐकवली. एकाच शब्दावर आवाज लांबवणे, तो वर नेऊन हलकेच उतरवणे, मध्ये थांबणे, हे दोन्हींकडे सारखे आहे असे त्यांचे म्हणणे. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, आणि अजान म्हणजे काही गाणे नव्हे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण एखाद्या कैद्याच्या नातवंडाच्या गळ्यात आजोबांच्या हाकेचा ढंग उरला असेल, तर नवल कसले?

गाण्याला घरातून विरोध तिकडेही होता. चर्चला जाणारे लोक ब्लूजला सैतानाचे गाणे म्हणत. ज्यांना पुढे 'ब्लूजचे जनक' म्हटले गेले, त्या डब्ल्यू. सी. हँडी यांचे वडील पाद्री होते. पोराने पैसे साठवून गिटार आणली, तर वडिलांनी ती दुकानात परत करायला लावून बदल्यात शब्दकोश घ्यायला लावला! आम्ही भाषेचे शिक्षक, त्यामुळे या गोष्टीत नेमकी कोणाची बाजू घ्यावी हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

१९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात कापसाचे अख्खे पीक यंत्रांनी निघाले. वेचणाऱ्या हातांची गरज संपत गेली, माणसे रेल्वेत बसून शिकागोला गेली, आणि गाणेही त्यांच्याबरोबर गेले. मडी वॉटर्स हा मोठा गायक त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे गेला होता. मागे राहिलेल्यांच्या मुलांना हे गाणे म्हणजे आजोबांच्या गरिबीची आठवण वाटे. आमच्या वर्गातल्या मुलांनाही नानीच्या ओव्या म्हणायला लाज वाटते, तसेच ते.

१९७७ च्या सुमारास जॉनी बिलिंग्टन नावाचे गृहस्थ शिकागोहून परतले. गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि संगीतकार. त्यांनी आसपासच्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. वाद्याइतकाच त्यांचा भर शिस्तीवर असे: कपडे नीटनेटके हवेत, वेळ पाळली पाहिजे. २०१३ मध्ये ते वारले, तोवर त्यांच्या हाताखालून पोरांच्या कितीतरी तुकड्या गेल्या होत्या. आपल्याकडे अशा माणसाला उस्ताद म्हणतात. तिकडे मुले त्यांना 'मिस्टर जॉनी' म्हणत.

गावात १९७९ साली सार्वजनिक ग्रंथालयाने डेल्टा ब्लूज म्युझियम सुरू केले होते. आज ते रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे आणि मडी वॉटर्स ज्या लाकडी खोपटात राहिला, तेही तिथे आणून ठेवले आहे. त्या खोपटाच्या एका फळीपासून बिली गिबन्स या प्रसिद्ध वादकाने गिटार बनवून घेतली आणि ती गावोगाव फिरवून म्युझियमसाठी पैसा उभा केला. मशिदीच्या बांधकामासाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींना ही धडपड लगेच समजेल. याच म्युझियमने पुढे मुलांचे वर्ग सुरू केले, आणि शिकवायला पदवीधर न आणता गावातलेच जुने वादक बसवले.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत आवडली ती या गाण्याची घडण. एका आवर्तनात बारा भाग, प्रत्येक भाग चार मात्रांचा. ओळी फक्त तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा जवाब द्यायचा. ओळ दोनदा का? ऐकणाऱ्याच्या मनात ती मुरते हे एक, आणि दुसऱ्यांदा म्हणता म्हणता गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो हे दुसरे. फळ्यासमोर उभे राहून ज्याला उत्तर आठवत नाही, अशा पोराला याहून मोठी सवलत कोणती? शिवाय ओळीनंतरची जागा वाद्यासाठी मोकळी सोडायची असते, म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घ्यावेच लागते.

या वर्गांत आठव्या वर्षी क्रिस्टोन इंग्राम नावाचा मुलगा आला. आधी ड्रम, मग बास गिटार, आणि त्यानंतर गिटार. हा क्रम आम्हाला फार पटतो. आधी ताल सांभाळून दुसऱ्याला साथ द्यायला शिका, पुढे उभे राहायचे नंतर बघू. तिथल्याच एका गुरुजींनी त्याला 'किंगफिश' हे नाव दिले. २०१४ मध्ये म्युझियमच्या मुलांनी व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. २०१९ मध्ये त्याची आई वारली. दोन वर्षांनी आलेल्या अल्बममध्ये त्याने तिच्यासाठी एक गाणे ठेवले, आणि त्या अल्बमला २०२२ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अल्बमचे नाव '६६२'. हा त्याच्या मुलुखाचा टेलिफोन कोड!

पण दर मुलांत एक किंगफिश निघतो म्हणून असे वर्ग चालवायचे नसतात. बाकीची मुले नोकरीधंद्याला लागतात, आणि त्यांचा तो वेळ चांगल्या माणसाच्या नजरेखाली गेलेला असतो. आम्हाला हिशेब तेवढाच कळतो.

वाद्यांबद्दल आपल्या घरांत मतभेद आहेत, ते सोडवणे आमचे काम नाही आणि तेवढे इल्मही आमच्यापाशी नाही. आम्ही वाद्ये वगळली. आठवीच्या वर्गात फक्त तीन ओळींचा नियम फळ्यावर लिहिला: पहिली दोनदा, तिसरी जवाब, आणि जे खरे आहे तेच लिहायचे. बाकावर बोटांनी ताल धरायला मात्र परवानगी दिली. (शेजारच्या वर्गातून निरोप आला, तेव्हा तीही काढून घ्यावी लागली.)

बहुतेकांनी गृहपाठावर आणि भारनियमनावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात स्वतःहून एक शब्द न बोललेला, त्याने लिहिले:

अब्बांचा फोन आला, ईदला येतो म्हणाले,
अब्बांचा फोन आला, ईदला येतो म्हणाले,
शिवलेला कुर्ता आता धाकट्याला बसतो.

वडील चार वर्षांपासून आखातात आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्याने विचारले, मोठ्याने वाचायचे का? आम्ही म्हटले, तुझी मर्जी. त्याने वही मिटली. सुट्टीत मात्र शिक्षक खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "अजून लिहिले तर बघाल का?"

आता मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर, नऊ मुले थांबतात. जागा वर्गाचीच. चहा-बिस्किटाचे पैसे मोहल्ल्यातले एक किराणा दुकानदार देतात. मगरिबला दहा मिनिटे असताना आम्ही कुलूप लावतो.