धावायचे बूट कोर्टवर नकोत

माझी मावसबहीण लग्नानंतर तंजावरलाच स्थायिक झाली. गेल्या वर्षी तिच्या मुलीची कॉलेजच्या बॉल बॅडमिंटन संघात निवड झाली, तेव्हा कौतुकाने तिला भारी किमतीचे, जाड मऊ टाचेचे धावायचे बूट आणले गेले. चौथ्याच दिवशी पोर घोटा सुजवून घरी आली. ''अगं, एवढे महागाचे बूट, तरी असं कसं?'' बहिणीने फोनवर विचारले. बूट चांगलेच होते, पण दुसऱ्या कामाचे.

बॉल बॅडमिंटन मूळचे तंजावरचेच. १८५६ च्या सुमारास तिथल्या भोसले राजघराण्यात ते खेळले जात असे, असे सांगतात. लोकरीचा पिवळा चेंडू जेमतेम २७-२८ ग्रॅमचा, कोर्ट २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, एका बाजूला पाच जण. चेंडू जमिनीला टेकण्याआधीच परतवायचा. त्यामुळे दोन पावले डावीकडे, दोन उजवीकडे आणि एकदम थांबणे, हेच सतत चालू.

धावायचा बूट सरळ पुढे पडणाऱ्या पावलासाठी बनवलेला असतो. बाजूला झेप घेऊन थांबताना त्याचा तळ जमिनीला धरून बसतो आणि पाय मात्र उंच, मऊ टाचेवरून बाहेर कलंडतो. घोट्याच्या बाहेरची लिगामेंट्स ताणली जातात, कधी तुटतातही. बॅडमिंटन, टेनिस, व्हॉलीबॉल, सगळीकडे धोका तोच.

म्हणून दुकानात कोर्टचे बूट मागावेत. टाच बुटकी, तळ सपाट, चवड्याशी ऐसपैस, बाजू भक्कम. बूट हातात धरून पिळून बघा. ओल्या टॉवेलासारखा पिळला गेला, तर परत ठेवा. तो वाकावा फक्त बोटांच्या सांध्यापाशी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. खेळायचे मोजे घालून, उभे राहून माप बघावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपल्याकडची काटकसर इथे नको. आत पाय सरकतो, फोड येतात, नखे काळी पडतात. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला देणेही तसेच. लाकडी कोर्टसाठी मऊ रबराचा तळ चांगला. माती-सिमेंटवर तो लवकर झिजतो, तिथे टणक तळ घ्यावा.

पाय मुरगळलाच, तर लगेच चोळू नये. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, म्हणून दुखणे ओसरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज करावा.

भाची सहा आठवड्यांनी पुन्हा कोर्टवर उतरली, सपाट तळाच्या बुटांत. माय-लेकींचे माप एकच, तेव्हा ते महागडे बूट आता बहीण सकाळी फिरायला जाताना घालते.