बोलत्या पुस्तकांची तिजारत आणि आपला दुकानदार

पुस्तक हा खपणारा माल नाही, अशी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची पक्की समजूत आहे. तालुक्याच्या गावात शाळेची पुस्तके आणि गाईड सोडले तर पुस्तकांवर दुकान चालत नाही, हे खरेही आहे. मात्र तीच पुस्तके आवाजात भरून, वर्गणी घेऊन, मोबाईलवर ऐकवणाऱ्या कंपन्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढल्या आहेत. ही वाढ कशी झाली आणि तिच्यात धोका कोठे आहे, हे मानोऱ्यासारख्या गावातल्या दुकानदारानेही समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. साहित्याची चर्चा जाणकारांनी करावी; आम्ही येथे हिशेबापुरतेच बोलणार आहोत.

मराठीत या धंद्याला बळ दिले ते स्टोरीटेल या स्वीडनच्या कंपनीने. २००५ साली स्टॉकहोम येथे तिची सुरुवात झाली. २०१६ मध्ये तिने नॉरस्टेड्स ही स्वीडनमधील १८२३ सालची जुनी प्रकाशन संस्था खरेदी केली. आपल्या भाषेत सांगायचे तर किरकोळ विक्रेत्याने गिरणीच विकत घेतली! २०१७ साली ही कंपनी भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला तिने पहिल्याच दिवसापासून मराठी ठेवली. २०२० मध्ये तिने किताब सौती ही अरबी बोलत्या पुस्तकांची कंपनी घेतली. २०२३ अखेर तिच्या जगभरच्या वर्गणीदारांची संख्या २० लाखांच्या वर होती. इकडे मुंबईत २०१८ साली कुकू एफएम ही देशी कंपनी उभी राहिली आणि हिंदी, मराठी व इतर भारतीय भाषांवर तिने भर दिला. २०२३ मध्ये तिच्यात जागतिक बँक गटातील आयएफसी या संस्थेनेही भांडवल घातले.

परदेशी माणसाला मराठीत गिऱ्हाईक दिसले आणि आपल्याला का दिसले नाही, हा खरा प्रश्न आहे. आपण वाचणारे डोळे मोजत राहिलो. त्यांनी मोकळे कान मोजले. शिलाई यंत्रावर बसलेला टेलर, घरी साडीला फॉल लावणारी बाई, ट्रकचा चालक, दिग्रस-कारंज्याच्या एसटीत बसलेला नोकरदार, यांचे हात गुंतलेले किंवा डोळे थकलेले असतात, पण कान रिकामे असतात. दुसरेही एक गिऱ्हाईक आहे. आमच्यासारखी उर्दू माध्यमात शिकलेली माणसे विदर्भात गावोगाव आहेत. मराठीत बोलताना, भाव करताना, हुज्जत घालताना आमचे कोठे अडत नाही. पण पाचशे पानांची मराठी कादंबरी हाती घेतली की वाचनाचा वेग निम्म्यावर येतो. अशा माणसाला ऐकण्याची सोय झाली तर मराठी साहित्याचा दरवाजा त्याच्यासाठी उघडतो. वयाने नजर अधू झालेल्यांचेही तेच. हे गिऱ्हाईक पूर्वीही होते. त्याच्यापर्यंत माल नेणारा कोणी नव्हता.

माल पोहोचवण्याची वाट मात्र इतरांनी तयार करून ठेवली होती. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि किरकोळ रक्कम मोबाईलवरून देणे सोपे झाले. स्टोरीटेलने भारतात सुरुवातीला महिन्याला २९९ रुपये वर्गणी ठेवली होती. एका बऱ्या कादंबरीच्या किमतीत महिनाभर हवे तेवढे ऐका, असा तो सौदा होता.

आता या धंद्याचे गणित पाहू. आपल्याकडे कापडाचा तागा मीटर मीटर कापत संपतो. संपला की नवा तागा आणावा लागतो, म्हणजे प्रत्येक विक्रीत मुद्दल गुंतते. बोलत्या पुस्तकाचा तागा कितीही कापला तरी संपत नाही. लेखक-प्रकाशकाशी करार, वाचणाऱ्या कलावंताचे मानधन, स्टुडिओचे भाडे, हा मोठा खर्च अगोदर होतो. त्यानंतर शंभर जणांनी ऐकले काय किंवा लाख जणांनी ऐकले काय, ध्वनिमुद्रणाचा खर्च तोच राहतो. दुसरी गोष्ट वसुलीची. आपले गिऱ्हाईक लग्नासाठी बस्ता बांधून नेते आणि सोयाबीन-कापूस निघाला की पैसे देते. पाऊस रुसला तर आपली वही रुसते. येथे पैसे आधी आणि माल नंतर. उधारी बुडण्याची भीतीच नाही.

मग यात तोटा कसला, असे कोणी विचारील. तोटा असा की, आपल्याकडे गिऱ्हाईक तुटायला वर्षे लागतात, तेथे ते एका बोटाने तुटते. दोन महिने ऐकले, कंटाळा आला, वर्गणी बंद. त्याच्या जागी नवा वर्गणीदार आणायचा तर जाहिरात आणि सवलत यांवर पुन्हा पैसा ओतावा लागतो. अनेक देशांत एकदम दुकाने थाटणाऱ्या स्टोरीटेललाही हे चुकले नाही. २०२२ मध्ये तिने विस्तारापेक्षा नफ्याकडे वळण्याचे ठरवले, सुमारे शंभर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि संस्थापक योनास टेलँडर प्रमुखपदावरून दूर झाले. रशियातील कामही त्याच वर्षी आवरते घेतले गेले. गल्ल्यात येणारी रक्कम आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या बापजाद्यांनी शिकवलेले सूत्र मोबाईलच्या धंद्यालाही लागू आहे.

गिऱ्हाईकानेही डोळे उघडे ठेवावेत. वर्गणी आपोआप कापली जाण्याची जी सोय आहे, तिच्यावरच या कंपन्यांचा मोठा भरवसा असतो. यूपीआयवर ही ऑटोपेची सोय २०२० मध्ये आली. ऐकणे थांबते, पण कापणे थांबत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येणे आवश्यक आहे, आणि ही परवानगी गिऱ्हाईकाला केव्हाही रद्द करता येते. सूचना न वाचता पुसून टाकू नये. नुसते ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, हेही घरातल्या मुलांना सांगावे. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. विकत घेतलेले पुस्तक घरात राहते, नातवाच्या हाती लागते. वर्गणीचे पुस्तक भाड्याच्या मंडपासारखे असते. पैसे थांबले की मंडप उठला.

आमचे मत विचाराल तर हा धंदा टिकेल, पण तो मोठ्या शहरांतल्या लोकांच्याच हाती राहिला तर आपल्या वाट्याला फक्त वर्गणी भरणे येईल. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, तांडे आहेत, बंजारा समाजाची गोरमाटी बोली आहे. तिला स्वतःची लिपी नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या कानांवरच जगली. आमच्या बाजारातली वऱ्हाडीही छापण्यापेक्षा ऐकण्यातच खुलते. उर्दूतल्या दास्तानगोईचे तर सारे वैभवच सांगण्यात आणि ऐकण्यात होते. ज्यांची संपत्ती आवाजात आहे, त्यांना या बाजारात दुकान मांडता आले पाहिजे. स्वच्छ उच्चार असलेला शिक्षक, गोष्टी सांगणारी आजी, शुद्ध वाचन करणारी महाविद्यालयीन मुलगी, हे आपल्या गावाचे भांडवल आहे. मात्र आवाज देताना करार लेखी घ्यावा. मानधन एकदाच मिळणार की ऐकण्याच्या प्रमाणात, आणि तो आवाज पुढे यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार काय, हे आधी विचारून घ्यावे. तोंडी व्यवहार कापडात चालत असेल, आवाजात चालणार नाही.

व्यापारी बांधवांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. गिऱ्हाईक नाही असे म्हणण्यापूर्वी, ते आपल्या दुकानापर्यंत का येऊ शकत नाही हे पाहावे. त्याचे हात गुंतले आहेत काय, त्याला अक्षर जड जाते काय, त्याला एकरकमी पैसा देणे झेपत नाही काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने शोधली त्याने पुस्तक विकून दाखवले. आपल्याकडे तर त्याहून गरजेचा माल आहे.