वीराचें पदक आणि वीराची पत्नी

रणांत पडलेल्या शूराचा गौरव करण्यांत आमचा समाज कृपण नाहीं. पुतळा बसतो, हारतुरे होतात, भाषणें झडतात. परंतु ज्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्या घराच्या उंबरठ्याआंत हा गौरव कितपत शिरतो, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांचेंच उदाहरण घ्या. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. त्यांच्यावांचून तुकडींतील एकहि इसम धड राहिला नाहीं. ते मागें फिरते तर कोणी बोल लाविला नसता. त्यांनीं एकट्यानें मोर्चावर धांव घेतली. हातबाँब फेंकून मशीनगन बंद पाडली. तेथील एकास गोळी घातली. आणि नवीं काडतुसें भरण्यास अवसर नाहीं असें पाहून आपली टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्याच प्रहारांनीं ठार केलें. इतक्यांत शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या. वय अवघें २२ वर्षांचें! त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्यांच्या पत्नीच्या हातीं देण्यांत आला.

पुढें स्वतंत्र भारतानेंहि हीच रीत ठेविली. परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांपैकीं १४ जणांस तें मरणोत्तर लाभलें. अशा समयीं पदक घेण्यास पत्नी पुढें होते आणि सारी सभा उभी राहते. पण तीच स्त्री गांवीं परतली कीं मंगलकार्यांत तिची सावलीहि आम्हांस नकोशी होते! पतीच्या मरणास आम्ही पुण्य म्हणतों आणि त्याच मरणामुळें पत्नीस अशुभ ठरवितों, हा कोठला न्याय?

कोणी म्हणतील, ही जुनी रूढि आहे, तींत वर्तमानपत्रांनीं हात घालूं नये. त्यांस आमचें उत्तर कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें परस्पर दिलें आहे. मे १९२२ नव्हे, मे २०२२ मध्यें, म्हणजे इतक्या उशिरां कां होईना, तेथील ग्रामसभेनें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांस तो कित्ता गिरविण्यास सांगितलें. जें एका खेड्यास साधलें, तें शिकल्यासवरल्या शहरांस कां साधूं नये?

आमचे व्यापारी बंधु स्मारकाच्या वर्गणीस कधीं हात आखडता घेत नाहींत. त्यांनीं एवढेंच अधिक करावें: आपल्या दुकानाच्या पूजेस, आपल्या घरच्या हळदीकुंकवास गतधवा भगिनीस मानानें बोलवावें आणि पहिलें कुंकू तिला लावावें. यास पैसा लागत नाहीं, धैर्य लागतें. यशवंतरावांच्या धैर्याच्या शतांशानें हें काम होण्यासारखें आहे.