दोन मुक्त लायब्रऱ्यांचं भांडण

तर मंडळी, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायला चार दिवस उरले होते आणि आमच्या वकीलबाईंनी वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी मागितली. मी रुबाबात पाठवली. सगळं ओपन सोर्स, आमचा प्रोग्रॅमही जीपीएलखालीच देणार, मग काळजी कसली? दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न आला, "ही फक्त जीपीएल २ वाली आणि ही अपाचे २.० वाली, दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये कशा?" बोंबला! शनिवार-रविवार एक लायब्ररी उपटून दुसरी बसवण्यात गेला.

गोम अशी आहे. जीपीएल म्हणते, आमचा कोड घेऊन बनवलेलं याच अटींवर पुढे द्या, वर एकही जादा अट लावू नका. अपाचेत पेटंटची एक अट आहे: या कोडवरून पेटंटचा खटला भरलात तर तुम्हाला मिळालेला पेटंटचा हक्क गेला. १९९१ च्या जीपीएल २ मध्ये ती नाही, म्हणून ती 'जादा'. २००७ च्या जीपीएल ३ ने अपाचेशी जमवून घेतलं. आमच्या लायब्ररीच्या लायसन्समध्ये 'किंवा त्यापुढील आवृत्ती' एवढे शब्द असते तरी सुटलो असतो. नेमके तेच नव्हते.

ओपनएसएसएलची कथा याहून बोलकी. तिच्या जुन्या लायसन्समध्ये एक अट होती: जाहिरातीत हिचा उल्लेख केलात तर आमचं श्रेय छापा. रास्त वाटतं ना? पण जीपीएलच्या लेखी हीसुद्धा जादा अट! मग कुणी आपल्या लायसन्सला 'ओपनएसएसएलपुरता अपवाद' जोडला, कुणी ग्नूटीएलएसकडे वळलं. डेबियनमधलं डब्ल्यूगेट त्यातलंच. लायसन्स बदलायचं तर ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्यांची संमती हवी. २०१७ साली शेकडो जणांना पत्रं गेली आणि २०२१ च्या ३.० आवृत्तीत एकदाचं ते बदललं. प्रकल्प सुरू झाला होता १९९८ साली. एका ओळीची किंमत वीसेक वर्षं!

आणि नवं लायसन्स कुठलं? अपाचे २.०. म्हणजे फक्त जीपीएल २ वाले अजून दाराबाहेरच.

यात खलनायक कुणी नाही, हेच मला बोचतं. दोन्हीकडची माणसं आपली मेहनत मोकळ्या हाताने वाटणारी. पण 'हे वकिलांचं काम' म्हणून आपण प्रोग्रॅमर हात झटकतो, तिथे चुकतं. लायब्ररी जोडण्याआधी तिची लायसन्सची फाइल उघडा, दोन मिनिटं लागतात. स्वतःचा कोड वाटताना मनाने अटी रचू नका, प्रचलित लायसन्स निवडा. जीपीएल २ च हवं असेल तर 'किंवा त्यापुढील' लिहायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे शंभर जणांचा कोड आला की ठरवणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

असो. माझा तो शनिवार-रविवार तर गेलाच. तुमचा वाचला तर बरं.